रांगेतला पुढचा

(प्रस्तावना)

नोव्हेंबर २०१८ संपत आला होता. गळीत हंगाम सुरू झालेला. वारणानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पोरांची. २७ नोव्हेंबरला राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, आधी लस झालेली असो वा नसो, दंडात एक इंजेक्शन. मी तेव्हा वारणा खोऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आदल्या दिवशी आठवीच्या दोन्ही तुकड्यांना फळ्यावर विषाणू काढून दाखवला होता, प्रतिपिंडं समजावली होती, गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो हा आकडा अधोरेखित केला होता. तास छान झाला असं वाटून मी घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी रांगेत त्या तासातलं एक अक्षरही कुणाच्या तोंडी नव्हतं. सिस्टर निळ्या डब्यातून कुपी काढत होत्या आणि पोरं एकच गोष्ट विचारत होती, तीही मला नव्हे, पुढच्याला.

"सुई केवढी हाय रं?"

पुढचा नुकताच टोचून आला होता. दंडावर कापसाचा बोळा, अंगठ्यावर शाईची खूण. म्हणाला, "काय न्हाई, मुंगी चावल्यागत हुतंय. ह्ये बघ." आणि बोळा उचलून दाखवला. मागच्या चौघांनी वाकून पाहिलं. रांग दोन पावलं पुढे सरकली.

पाचेक मिनिटांनी तीच रांग थिजली. मागून कुणीतरी म्हणालं होतं की त्याच्या मावसभावाच्या शाळेत एक पोरगी टोचल्या टोचल्या पडली. कुठली शाळा, कुठली पोरगी, काही पत्ता नाही. पण सातवीतल्या एका मुलीचा चेहरा पांढरा पडला, तिला बाकावर आडवं करावं लागलं, आणि तिला तर अजून टोचलंही नव्हतं! तिच्याकडे बघून आणखी दोघींना गरगरायला लागलं.

या पुस्तिकेचा सगळा विषय त्या अर्ध्या तासात आहे. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मूल आईवडिलांचं ऐकतं, शिक्षकांचंही ऐकून घेतं, पण विश्वास ठेवतं ते रांगेतल्या पुढच्यावर. धीर त्याच वाटेने येतो, आणि भीतीही त्याच वाटेने. वाट बंद करता येत नाही. तेव्हा त्या वाटेवर चालणाऱ्या पोरापोरींच्या हाती खरी माहिती असावी, एवढ्यासाठी आठवी ते बारावीच्या मुलांकरता ही पानं लिहिली.

शाळेतल्या 'जनजागृती'बद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे इथेच सांगून टाकते. प्रभातफेऱ्या मी वीस वर्षं काढल्या. घोषणा देत पोरं गावातून फिरतात, परत येऊन केळी खातात, तास बुडाला म्हणून खूश असतात. 'लसीकरणाचे महत्त्व' या विषयावरच्या निबंधस्पर्धेत एकदा अठ्ठावीस निबंध आले, त्यांतल्या एकोणिसांचा पहिला परिच्छेद शब्दन् शब्द सारखा होता. मुलांचा दोष नाही. त्यांना आपण मोठ्यांची वाक्यं पाठ करायला दिली. बोळा उचलून दंड दाखवणाऱ्या त्या पोराला कुणी काही पाठ करायला दिलं नव्हतं.

लस आणि मुलं यांचं नातं फार जुनं आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला, अ‍ॅना डस्टहॉल तिचं नाव, देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. ती लस बाटलीतून आली नव्हती. बगदाद, बसरा असं करत माणसांच्या दंडांतून दंडांत ती मुंबईला पोचली होती, आणि अ‍ॅनाच्या दंडावर फोड आल्यावर त्यातली लस आणखी पाच जणांना टोचली गेली. पुढच्याच वर्षी स्पेनहून एक जहाज अमेरिकेकडे निघालं. त्यात बावीस अनाथ मुलगे होते. शीतपेटी नसलेल्या काळात लस समुद्रापार जिवंत न्यायची, तर एका वेळी दोघांना टोचायचं, त्यांचे फोड पिकले की पुढच्या दोघांना. मुलं हीच लसीची पेटी. त्या बावीस जणांना कुणी विचारलं नव्हतं. अ‍ॅनालाही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे संमतीचा विषय येणार आहे.

मुलांनी लस नुसती वाहून न नेता स्वतः होऊन पसरवली, याचं मला सापडलेलं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९५५ साली तिथे साल्कची पोलिओ लस आली. आईबापांनी लहानग्यांना टोचून घेतलं, पण किशोरवयीन पोरं येईनात. पोलिओ हा बाळांचा रोग, आपल्याला काय होतंय, असा त्यांचा समज. २८ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एल्विस प्रेस्ली या एकवीस वर्षांच्या गायकाने कॅमेऱ्यांसमोर बाही सरकवून लस घेतली. तो फोटो जगप्रसिद्ध झाला. पण मला त्या फोटोपेक्षा नंतरची गोष्ट जास्त भावते. गावोगावच्या हायस्कुलातल्या पोरांनी नाचाचे कार्यक्रम ठेवले आणि दारावर अट घातली: लस घेतलेल्यालाच आत प्रवेश. एल्विस दूरचा. दारावर उभी असलेली पोरगी रोज आपल्या शेजारच्या बाकावर बसते.

आपल्याकडे तशी अट कुणी घालू नये, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच. पण शेजारच्या बाकाची ताकद वारणेला नवी नाही. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर साखर कारखाना उभा केला, त्याच्या भोवती दूध संघ, शाळा, महाविद्यालय आलं, आणि त्याच माळावर शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या मुलांचा वाद्यवृंदही उभा राहिला. वारणेचा बालवाद्यवृंद दूरदूर वाजवून आला. कुठल्याही वाद्यवृंदात नवखं पोर ठेका शिकतं ते निम्मं गुरुजींकडून आणि निम्मं शेजारी वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघून. १९९८ साली याच भागातल्या सत्तर गावांत संगणक पोचवण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. उसाचं वजन, बाजारभाव, दाखले गावातच कळावेत हा हेतू. तेव्हा माहिती मिळवायला केंद्रावर जावं लागे. आज ती उशाखाली असते, आणि तिच्यात वजनाची पावती कुठली नि थाप कुठली, हे वेगळं काढणारा माणूस मात्र केंद्रावर बसलेला नाही. गोवर-रुबेलाच्या वेळी पालकांच्या फोनवर फिरणारी एक ध्वनिफीत मी तीन वेगवेगळ्या गावांत ऐकली. आवाज एकच, आणि 'आमच्या गावातली गोष्ट' मात्र तिन्ही ठिकाणी.

३ जानेवारी २०२२ रोजी पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी करोनाची लस खुली झाली, तेव्हा चित्र थोडं पालटलेलं दिसलं. नोंदणीला शाळेचं ओळखपत्र चालत होतं. अकरावीच्या पोरांनी स्वतःच मोबाइलवर नाव घातलं, वेळ घेतली, चौघं-चौघं मिळून केंद्रावर गेली आणि दंड दाखवणारे फोटो स्टेटसला ठेवले. आमच्या गल्लीतल्या एका पोराने तर आधी स्वतः टोचून घेतलं आणि मग आजीला दुसऱ्या डोसला नेलं. आजी वर्षभर टाळत होती. नातू म्हणाला, "आज्जे, मी रडलो न्हाई, तू कशाला रडतीस?" आरोग्य खात्याचं कुठलंही पत्रक इतकं थेट बोलत नाही.

मुलांनीच मुलांना सांगण्याचं हे काम सरकारलाही ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दर हजार लोकसंख्येमागे दोन मुलगे आणि दोन मुली असे चार 'पीअर एज्युकेटर' निवडण्याची योजना आहे, आणि महाराष्ट्रात किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्रांना 'मैत्री' असं सुरेख नाव दिलेलं आहे. कागद चांगला आहे. मात्र निवडताना आपण शिक्षक मंडळी वर्गातल्या पहिल्या नंबरची मुलगी पुढे करतो, कारण ती आपल्याशी नीट बोलते. पोरं मात्र शेवटच्या बाकावरच्या, खो-खोच्या संघातल्या, सगळ्यांचे डबे खाणाऱ्या पोरीचं ऐकतात. तिला घ्या, असं माझं शिक्षकांना सांगणं आहे. तिचं अक्षर वाईट असेल. असू दे.

आता या वयाच्या मुलांना कुठल्या लसी लागतात? दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाचा टीडी डोस, पाचवी आणि दहावीच्या आसपास. लहानपणी गोवर-रुबेलाचे दोन डोस चुकले असतील तर ते. याबद्दल पुस्तिकेत दोन पानं आहेत, पुरे आहेत. फक्त मुलगे नेहमी विचारतात त्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच देते: रुबेला बाईच्या पोटातल्या बाळाला बाधतो, मग आम्हाला का टोचता? कारण तो पोटुशी असलेल्या वहिनीपर्यंत, मामीपर्यंत पोचतो तो बहुधा घरातल्या धडधाकट पोराच्या खोकल्यातून. बाळ बहिरं जन्मलं, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन आलं किंवा हृदयात दोष घेऊन आलं, तर त्या पोराला कधी कळतही नाही की आपल्या अंगावर तीन दिवस उठलेल्या पुरळाचा त्याच्याशी काही संबंध होता.

जास्त पानं मी एचपीव्हीच्या लसीला दिली आहेत, कारण तिच्याबद्दल बोलायला मोठ्यांची जीभ अडखळते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्याने जातात. तो बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि त्या विषाणूवर लस आहे. ती नऊ ते चौदा या वयात घेतलेली सर्वांत चांगली, कारण संसर्ग होण्याआधी ती अंगात असायला हवी. एवढं सोपं वाक्य आईला मुलीसमोर बोलायला जड जातं. 'आत्ताच कशाला' या तीन शब्दांत सगळं अवघडलेपण मावतं. आठवीतली मुलगी मैत्रिणीला मात्र एका दमात सांगते: कॅन्सरची लस आहे, माझी झाली, दंड दोन दिवस दुखला.

या लसीच्या इतिहासात महाराष्ट्रातल्या मुलींचा वाटा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात नाही म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. २००९ साली देशात नऊ ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू झाला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हा प्रश्न. ठिकाणांमध्ये मुंबई होती, पुणे होतं आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी होती. बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. दहा ते अठरा वर्षांच्या सतरा हजारांहून अधिक मुली या अभ्यासात आल्या.

त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात याच लसीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, पण दुसरं काही आढळलं: वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभर हे काम थांबवलं. बार्शी-पुण्याचा अभ्यासही त्यात मधेच अडला. कुणाचे तीन डोस झालेले, कुणाचे दोन, आणि हजारो मुलींचा एकच.

एवढ्यावर तो अभ्यास मोडीत निघाला असता. पण संशोधकांनी त्या मुलींची वर्षानुवर्षं विचारपूस चालू ठेवली, आणि हळूहळू दिसू लागलं की एकच डोस मिळालेल्या मुलींनाही जवळपास तितकंच संरक्षण मिळतं आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचे दंड आहेत. ज्या देशांना तीन डोस परवडत नव्हते, त्यांच्या मुलींपर्यंत लस पोचायला त्याने वाट झाली. बार्शीकडच्या त्या मुली आता पंचविशी-तिशीच्या असतील. आपण काय केलं, हे त्यांच्यापैकी कितीजणींना कुणी सांगितलं असेल?

या एकाच गोष्टीत मला दोन्ही बाजू दिसतात, आणि पुस्तिका वाचणाऱ्या मुलांनी त्या दोन्ही लक्षात ठेवाव्यात असं वाटतं. लस चांगली होती. सही चुकीच्या माणसाची होती. म्हणूनच दारावर अट घालायला माझा विरोध आहे. ज्या मुलीच्या घरून नकार आला तिला वर्गात 'घाबरट' म्हणायचं नाही, तिचं नाव फळ्यावर लिहायचं नाही, 'शंभर टक्के वर्ग' म्हणून ढाल द्यायची नाही. अठराच्या आतल्या मुलांच्या लसीला घरच्यांची परवानगी लागते. नकार देणारे वडील बहुधा दुष्ट नसतात. त्यांच्या मनातल्या एखाद्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नसतं, एवढंच.

भीती कशी पसरते, याचीही उदाहरणं आहेत. २०१४ साली कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात एचपीव्हीची लस घेतलेल्या शाळकरी मुली एकामागून एक बेशुद्ध पडू लागल्या, त्यांचे व्हिडिओ देशभर गेले. तपासात लसीचा दोष सापडला नाही. पण देशातलं हे लसीकरण कोसळलं. जपानने २०१३ मध्ये अशाच तक्रारींनंतर या लसीची शिफारस थांबवली, ती पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं, आणि मधल्या काळात लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपासवरून एका टक्क्याच्याही खाली गेलं. या मुली ढोंग करत नव्हत्या. आमच्या व्हरांड्यातली सातवीतली मुलगीही ढोंग करत नव्हती. भीतीने खरोखर रक्तदाब उतरतो, खरोखर चक्कर येते. तिला 'नाटक करू नको' म्हणणारी मीच होते, आणि ते मला आजही बोचतं.

म्हणून पुस्तिकेतलं सहावं प्रकरण निव्वळ चक्कर येण्यावर आहे. उपाशीपोटी रांगेत उभं राहू नये. ज्याला भीती वाटते त्याला रांगेत शेवटी ठेवू नये, वाट बघण्याने भीती फुगते. टोचताना बसवावं, आणि शेजारी त्याच्या पसंतीचा एक मित्र असावा. गरगरलं तर आडवं करून पाय उंच ठेवावेत, भोवतीची गर्दी हटवावी आणि मोबाइल खिशात घालायला लावावेत. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावं, गप्पा माराव्यात. आणि कुणी विचारलं, 'दुखतं का?' तर 'नाही' म्हणू नये. दुखतं. थोडं. दंड जड होतो, कुणाला ताप येतो. 'काहीच होत नाही' असं सांगून ज्याला रात्री ताप आला, तो पुन्हा तुमचं ऐकणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगेल. जे माहीत नाही त्याला 'मला माहीत नाही, सिस्टरांना विचारूया' हे उत्तर. हे वाक्य म्हणायला मुलांना आम्ही सर्वांत जास्त सराव दिला, कारण शाळेत 'माहीत नाही'ला शून्य गुण मिळतात.

एक गोष्ट मूळ आराखड्यात नव्हती, ती एका नववीतल्या मुलीमुळे आली. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून, मराठवाड्यातून येतात, फडाच्या कडेला खोपी पडतात. तिने विचारलं, "बाई, त्या खोपीतल्या पोरींना कोण सांगतंय?" तिच्या वयाच्या पोरी कोयता धरतात किंवा धाकटी भावंडं सांभाळतात. शाळा गावाकडे, लसीचं कार्ड गावाकडे, डोसाची तारीख आली तेव्हा बैलगाडी सातारा जिल्ह्यात. आम्ही दोघी एका संध्याकाळी गेलो. चुलीपाशी बसलेल्या एका बाईने पत्र्याच्या पेटीतून साखरेच्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं कार्ड काढलं. कार्ड होतं! धाकट्याचे नऊ महिन्यांपर्यंतचे सगळे रकाने भरलेले, त्यापुढचे कोरे. मोठ्या लेकीचं कार्ड नव्हतं. माझी विद्यार्थिनी तिच्याशी बोलायला पलीकडे गेली. काय बोलल्या मला कळलं नाही. हसण्याचा आवाज आला, आणि दोघींनी एकमेकींचे दंड बघितले एवढं दिसलं. त्यानंतरच्या लसीकरण सत्राला आशाताईंबरोबर खोपीतून पाच मुलं आली.

त्या संध्याकाळनंतर पुस्तिकेत 'पाहुणी मुलं' हे प्रकरण वाढलं. ते लहान आहे, आणि अपुरंही आहे.

शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत, प्रश्न लिहायला. कच्ची प्रत वाचायला दिली तेव्हा मुलांनी ती पेन्सिलीने भरून टाकली. सुई आत मोडली तर? टोचल्यावर मटण चालतं काय? पोहायला कधी जायचं? एका मुलाने लिहिलं होतं: सिस्टर सगळ्यांना टोचतात, त्यांना कोण टोचतं?

हा प्रश्न घेऊन मी उपकेंद्रात गेले. सिस्टर निवृत्तीला आलेल्या, सत्राच्या दिवशीचं टिपण करत होत्या. वाचून हसल्या. पेन खाली ठेवलं, पदर सावरला आणि बाही वर केली. दंडावर देवीच्या लसीचे दोन जुने, गोल, खोलगट वण होते. त्यांच्या थोडं वर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि करोनाचं हितं. पहिल्याच दिवशी आमचा नंबर होता. माझ्यापुढं आमची शिपाईबाई होती, ती म्हणली, काय न्हाई हुत."